गाठ वाढली की सूज आली? मुलांच्या मस्तिष्कस्तंभातील अर्बुद, दुसरा किरणोपचार आणि प्रतिमांची साक्ष

चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग जगाला ठाऊक आहेत. त्यांना कॅरेन नावाची एक कन्या होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १९६१ च्या जून महिन्यात सिएटल येथील एका बागेत खेळताना ही दोन वर्षांची मुलगी पडली. त्यानंतर तिचे डोळे तिरळे होऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला. तपासाअंती निदान झाले ते मेंदूच्या देठातील, म्हणजेच मस्तिष्कस्तंभातील, घातक अर्बुदाचे. काही आठवडे क्ष-किरणांचे उपचार झाले. उभेही राहता न येणारी ती मुलगी पुन्हा चालू लागली. घरात आशा परतली. परंतु हा दिलासा अल्पकाळाचाच ठरला. लक्षणे पुन्हा उमटली. मग कोबाल्टच्या किरणांचा प्रयत्न झाला, पण तो तिच्या क्षीण शरीराला सोसला नाही. २८ जानेवारी १९६२ रोजी, नेमक्या आईवडिलांच्या विवाहाच्या वाढदिवशी, तिने घरीच प्राण सोडला. त्या वेळी ती पावणेतीन वर्षांची होती.

साठ वर्षे उलटून गेली, तरी या आजाराची वाट फारशी बदललेली नाही. आधी किरण, मग काही महिन्यांचा आराम, मग आजाराचे परतणे आणि मग प्रश्न की पुन्हा किरण द्यावेत काय? बदलले आहे ते एवढेच की कॅरेनच्या डॉक्टरांना मेंदूच्या आत डोकावता येत नव्हते, आजच्या डॉक्टरांना येते. रुग्णाचा पहिला सीटी स्कॅन लंडनमधील एका रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाला. एमआरआय रुग्णालयांतून रुळला तो १९८० नंतरच्या दशकात. परंतु दिसू लागले म्हणजे कळू लागले असे नाही. जे दिसते आहे त्याचा अर्थ काय, हा नवाच पेच दिसू लागल्यामुळे उभा राहिला. प्रस्तुत लेख त्या पेचाविषयी आहे.

प्रथम आजाराची थोडी ओळख करून घेऊ. मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या फुगीर भागास पॉन्स म्हणतात. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ पूल. नाव समर्पक आहे, कारण मेंदूकडून हातापायांकडे जाणारी आणि तिकडून येणारी सारी वर्दळ याच पुलावरून चालते. डोळे वळवणे, चेहरा हलवणे, गिळणे, श्वासाची लय राखणे, या सर्वांच्या किल्ल्या येथे किंवा येथून अगदी जवळ आहेत. या पुलातच उगवणाऱ्या पसरट अर्बुदास डॉक्टर संक्षेपाने डीआयपीजी म्हणतात. त्याला गाठ म्हणण्याचा प्रघात असला तरी ती सुपारीसारखी वेगळी काढता येणारी गाठ नव्हे. पिठात मीठ मिसळावे तशा तिच्या पेशी निरोगी पेशींत मिसळलेल्या असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेने ती काढणे अशक्यच. पाच ते दहा वर्षांच्या मुलांत हा आजार अधिक आढळतो. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३०० मुलांत त्याचे निदान होते. निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक नऊ ते अकरा महिने आहे. मध्यक म्हणजे निम्मी मुले त्याआधी जातात आणि निम्मी त्यानंतर. तो कोणा एका मुलाचा निकाल नव्हे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. तरीही निदानानंतर दोन वर्षे जगणारी मुले दहांत एखादेच, हे कटू वास्तव लपवण्यात अर्थ नाही.

पहिला किरणोपचार बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: एकूण ५४ ग्रे इतकी मात्रा, तीस बैठकांत विभागून, सहा आठवडे. बहुसंख्य मुलांना त्याचा गुण येतो. तिरळेपणा उतरतो, चाल सुधारते, मूल शाळेतही जाऊ लागते. आणि याच आनंदाच्या दिवसांत कधीतरी तपासणीचा एमआरआय होतो आणि अहवालात लिहून येते की अर्बुदाचा आकार वाढलेला आहे.

आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याच्या कुटुंबात हेच घडले. मुलगा सात वर्षांचा. किरणोपचार संपून दोन महिने झाले होते. एका शहरातील केंद्राने लिहिले, ‘वाढ’. तीच चित्रे दुसऱ्या शहरात दाखवली तर तेथील डॉक्टर म्हणाले, ‘ही सूजही असू शकते, थांबू या.’ मुलाचे वडील दोन्ही फायली घेऊन माझ्याकडे आले. “काका, तुमचा जन्म आकडे वाचण्यात गेला. यातला खरा आकडा कोणता, तेवढे सांगा,” एवढेच ते म्हणाले. वैद्यकातले मला काय कळणार! परंतु दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. दोघांनीही मोजलेले माप जवळपास एकच होते. मतभेद मापाचा नव्हता, अर्थाचा होता. त्या दिवसापासून या विषयाचे जे काही वाचन झाले आणि जाणत्या डॉक्टरांशी जो संवाद झाला, त्यातून हा लेख झाला आहे.

किरणांनी अर्बुदाच्या पेशी मरतात, तेव्हा त्या जागी दाह होतो, रक्तवाहिन्या पाझरू लागतात, पाणी साचते. साध्या एमआरआयवर पाणी आणि अर्बुद ही दोन्ही एकाच पांढुरक्या छटेची दिसतात. म्हणजे उपचार लागू पडल्यामुळेही डाग मोठा दिसू शकतो. वैद्यक यास आभासी वाढ म्हणते. किरणोपचारानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तिचा संभव अधिक असतो. याच्या उलट फसगतही होते. सूज उतरवणारी स्टेरॉइड किंवा पाझर रोखणारी बेव्हॅसिझुमॅबसारखी औषधे चालू असली, तर डाग आकसलेला दिसतो. आतील अर्बुद मात्र जेथल्या तेथे असते. स्टेरॉइडची मात्रा न विचारता चित्र वाचणे म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेले धनादेश वटले की नाहीत हे न पाहता शिल्लक मांडणे होय.

हा भेद दुसऱ्या किरणोपचाराच्या वेळी निर्णायक ठरतो. पूर्वी असा समज होता की मस्तिष्कस्तंभास एकदा पूर्ण मात्रा दिली की पुन्हा देणे नाही. हा समज हळूहळू मागे पडला. युरोपातील बालकर्करोगतज्ज्ञांच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आजार उलटल्यावर पुन्हा किरण दिलेल्या ३१ मुलांची तुलना तसे न दिलेल्या मुलांशी केली. आयुष्याचा मध्यक पहिल्या गटात १३.७ महिने, दुसऱ्या गटात १०.३ महिने. त्याहून महत्त्वाचे असे की ३१ पैकी २४ मुलांची लक्षणे सुधारली आणि अतिगंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने मात्रा ठरवण्यासाठी १२ रुग्णांवर अभ्यास केला आणि २४ ग्रे, १२ बैठकांत, ही मात्रा योग्य ठरवली. त्याचा अहवाल २०१९ चा आहे. म्हणजे पहिल्या वेळेच्या निम्म्याहूनही कमी.

हे आकडे वाचताना माझ्यातला जुना बँकवाला थोडा सावध होतो. ही तुलना चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. ज्या मुलांची प्रकृती बरी होती त्यांनाच दुसरे किरण दिले गेले असण्याचा संभव आहे, आणि चांगल्या खातेदारालाच नवे कर्ज मिळते तसा हा प्रकार काही अंशी असू शकतो. तरीही, जे मूल गिळू शकत नव्हते ते पुन्हा आईच्या हातचा वरणभात खाऊ लागते, हा लाभ मध्यकाच्या रकान्यात दिसत नाही. बरे होण्याची आशा येथे नसते, हे मात्र आईवडिलांना स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. पहिल्या उपचाराचा गुण जितका दीर्घकाळ टिकला, तितका दुसऱ्याचा उपयोग होण्याचा संभव अधिक मानला जातो.

आता विचार करा. डागाची वाढ आभासी असेल आणि घाईने दुसरे किरण दिले, तर निरोगी मज्जातंतूंवर नाहक बोजा पडला आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हाचा मार्ग खुंटला. उलट, वाढ खरी असून आपण सूज समजून थांबलो, तर मूल इतके खालावेल की उपचार सोसण्याचे त्राणच उरणार नाही. दोन्हीकडे मोजावे लागणारे मोल मोठे आहे, आणि साधा एमआरआय येथे मुका होतो. म्हणून त्याच यंत्रातून अधिक बोलके उत्तर काढण्याच्या पद्धती विकसित झाल्या.

त्यांतील सर्वांत मनोवेधक पद्धत म्हणजे चुंबकीय वर्णपटमापन, इंग्रजीतील प्रचलित नाव एमआर स्पेक्ट्रोस्कोपी. धान्याचा व्यापारी पोत्याच्या आकारावरून मालाची पारख करत नाही. तो पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे काढतो आणि तळहातावर पाहतो. वर्णपटमापन हेच करते, फक्त नळी न खुपसता. अर्बुदातील एक छोटा चौकोन निवडून त्यात कोणती रसायने किती आहेत याचा आलेख यंत्र काढते. एनएए नावाचे रसायन निरोगी मज्जापेशींत असते. त्या नष्ट झाल्या की त्याचे शिखर खाली येते. कोलीन हा पेशींच्या आवरणांचा घटक. पेशी भराभर निर्माण होत असल्या की त्याचे शिखर उंचावते. म्हणून कोलीन आणि एनएए यांचे गुणोत्तर वाढत चालले, तर जिवंत अर्बुद फोफावत असल्याची शंका घ्यावी. मेद आणि लॅक्टेट यांची शिखरे वर आली व कोलीन उतरले, तर मृत पेशी व दाह यांचा विचार करावा. आकार बदलण्याआधी रसायन बदलते, हा यामागील तर्क आहे, आणि दुसऱ्या किरणोपचाराच्या दोन-तीन आठवड्यांच्या अल्प काळात तोच महत्त्वाचा आहे. एवढ्या दिवसांत डागाचे माप क्वचितच बोलते. गुणोत्तर कदाचित बोलू शकते.

दुसरी पद्धत रक्तपुरवठा मोजते. फोफावणारे अर्बुद नव्या रक्तवाहिन्या ओढून आणते, मृत किंवा सुजलेल्या भागात रक्त कमी फिरते. हे मोजण्यासाठी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देतात. रक्तातील पाण्यालाच चुंबकाने खूण करून, काहीही न टोचता मोजण्याची रीतही आता आहे. तिसरी पद्धत पाण्याच्या कणांची हालचाल पाहते. पेशींची दाटी असेल तेथे पाण्याला हलायला वाव नसतो, सूज असेल तेथे ते मोकळे वाहते. याच तत्त्वावर मज्जातंतूंच्या वाटांचा नकाशाही काढता येतो आणि पुलावरील कोणती वाट दबली आहे, कोणती तुटली आहे, याचा अंदाज येतो. चौथी पेट स्कॅनची. तीत नेहमी वापरली जाणारी किरणोत्सारी साखर मेंदूसाठी फारशी सोयीची नाही, कारण निरोगी मेंदूच साखरेचा मोठा गिऱ्हाईक आहे आणि सारे चित्र उजळून निघते. म्हणून अमिनो आम्लांवर आधारलेली द्रव्ये वापरतात. त्यांतील कार्बन-११ चे मेथिओनिन दर वीस मिनिटांनी निम्मे होते. ते बनवणारे यंत्र त्याच आवारात नसेल तर उपयोग नाही. फ्लोरिन-१८ चे द्रव्य सुमारे ११० मिनिटांत निम्मे होते, त्यामुळे ते थोड्या अंतरावरून आणता येते.

हे सारे ऐकून कोणास वाटेल की प्रश्न सुटला. तसे नाही. पॉन्स कवटीच्या तळाशी, हाडे व हवेच्या पोकळ्या यांच्या शेजारी आहे. चुंबकीय क्षेत्र तेथे विस्कळीत होते. शेजारून मोठी धमनी धडधडत जाते आणि प्रत्येक ठोक्यासरशी हा भाग किंचित हलतो. जागाही लहान, त्यामुळे आलेख कधीकधी इतके ओबडधोबड येतात की त्यांवर काही न बोललेलेच बरे. एका केंद्रातील आकडा दुसऱ्या केंद्रातील आकड्याशी ताडता येईलच असे नाही. साध्या मापाचेही तेच. अर्बुदाची कड धूसर असल्याने दोन अनुभवी डॉक्टर दोन मापे देतात. म्हणूनच २०२० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने या आजारासाठी वेगळे निकष सुचवले. उपचारापूर्वीच्या चित्राच्या तुलनेत २५ टक्के घट झाली तर तो प्रतिसाद धरावा, परंतु मुलाची प्रत्यक्ष मज्जातंतू-तपासणी आणि चालू असलेली औषधे यांच्यासह, एकट्या चित्रावरून नव्हे. हे वाचून मला समाधान वाटले. एका दिवसाच्या शिलकेवरून खाते चांगले की बुडीत हे आम्हीही कधी ठरवले नाही. वर्षभराची उलाढाल पाहिली आणि शक्य तेव्हा दुकानावर जाऊन आलो.

मोजता न येण्याची किंमत काय असते याचे एक ताजे उदाहरण सांगतो. २०१२ साली या अर्बुदांतील एक विशिष्ट जनुकीय बदल उघड झाला. तो असलेल्या आणि उपचारांनंतर पुन्हा बळावलेल्या अर्बुदांसाठी डॉर्डाव्हिप्रोन या औषधास अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२५ मध्ये सशर्त मान्यता दिली. मान्यतेचा आधार ५० रुग्णांतील २२ टक्क्यांचा प्रतिसाद होता, आणि हा प्रतिसाद मोजला गेला तो एमआरआयवर. परंतु त्या ५० रुग्णांत पॉन्समधील पसरट अर्बुदाचे रुग्ण मोजणीतून वगळलेले होते. ज्यांना हा आजार सर्वांत अधिक छळतो तीच मुले हिशेबाबाहेर राहिली.

चित्रांचा भार मुलावर पडतो, हेही विसरता कामा नये. या विशेष तपासण्या जोडल्या की यंत्रातला वेळ वाढतो. पाऊण तास, कधी तास. पाच-सहा वर्षांचे मूल त्या खडखडाटात निश्चल पडून राहत नाही, म्हणून भूल द्यावी लागते. ज्याच्या गिळण्यावर आणि श्वासावरच आजाराचा घाला आहे, त्याला भूल देणे हे अनुभवी हातांचे काम आहे. गॅडोलिनियमचा अत्यल्प अंश शरीरात राहतो, असे लक्षात आल्यावर २०१७ साली युरोप व अमेरिकेतील औषध प्रशासनांनी त्याबाबत पावले उचलली. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात ही जमेची बाजू. तरीही प्रत्येक स्कॅनपूर्वी एक प्रश्न विचारण्याचा पालकांना हक्क आहे: या तपासणीचा निकाल काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर ती आज कशासाठी?

त्या कापड व्यापाऱ्याच्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. ते थांबले. सहा आठवड्यांनी त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने, वर्णपटमापनासह पुन्हा तपासणी झाली आणि डाग लहान झालेला दिसला. ती सूज होती. मूल पाच महिने बरे होते. मग डावा पाय ओढू लागला, घास अडकू लागला. या वेळी चित्र, आलेख आणि मुलाची चाल तिघांनी एकच साक्ष दिली. १२ बैठकांचे दुसरे किरण झाले. घास पुन्हा उतरू लागला. पर्युषणात आजोबांच्या खांद्यावर बसून तो मंदिरात आला होता, तेव्हा मी त्याला पाहिले. डिसेंबरात तो गेला.

त्याचे वडील मला एकदा म्हणाले, “काका, दुकान विकायला काढले होते, परदेशी न्यायचे म्हणून.” असे विचार व्यापारी घरांत चटकन येतात, कारण पैसा उभा करणे आपल्याला जमते. प्रोटॉन उपचार आता चेन्नईत २०१९ पासून आणि नवी मुंबईत टाटा स्मारकाच्या खारघर केंद्रात २०२३ पासून उपलब्ध आहे; अनेक आजारांत त्याचे मोल मोठे आहे. परंतु या आजारात अर्बुद आणि वाचवायचा निरोगी भाग एकमेकांत मिसळलेले असल्याने, प्रोटॉनमुळे आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. पैसा तेथे ओतण्यापूर्वी हे ठाऊक असावे. त्यापेक्षा साध्या गोष्टी अधिक उपयोगी पडतात. पहिल्या किरणोपचारापूर्वीची आणि तो संपल्यानंतरची मूळ चित्रे, केवळ छापील अहवाल नव्हे, सीडीवर जपून ठेवावीत. शक्यतो प्रत्येक वेळी एकच यंत्र असावे. स्टेरॉइडची मात्रा तारखेनिशी वहीत लिहावी. मुलाचे चालणे, बोलणे, जेवणे यांचे मोबाइलवर दर आठवड्याला मिनिटभराचे चित्रण करावे. डॉक्टरांना ते चित्राइतकेच कामाचे असते. आणि वेदनाशमन करणाऱ्या चमूशी पहिल्या महिन्यातच ओळख करून घ्यावी, शेवटच्या आठवड्यात नव्हे.

दानशूर कुटुंबांशीही थोडे बोलायचे आहे. आपल्या समाजाच्या न्यासांनी जागोजागी एमआरआयची यंत्रे दिली आहेत आणि त्यांवर पूर्वजांची नावे अभिमानाने कोरली आहेत. यंत्र आले की बातमी होते. पण वर्णपटाचा आलेख नीट काढणारा भौतिकशास्त्रज्ञ, तो वाचणारा मज्जा-प्रतिमातज्ज्ञ, लहान मुलांना भूल देणारा डॉक्टर, यांच्या मासिक वेतनाची देणगी सहसा कोणी देत नाही, कारण त्यावर पाटी लावता येत नाही. लाखो रुपयांची सोय यंत्रात असते आणि ती वापरणारे मनुष्यबळ नसल्याने बंदच राहते. बऱ्याच बालरुग्णालयांत आता एक खोटे यंत्रही ठेवतात. लाकडी किंवा प्लास्टिकची नळी, आत रंगीत दिवा, ध्वनिमुद्रित खडखडाट. मूल तेथे आधी खेळून सराव करते, बाहुलीचा स्कॅन काढते, आणि मग खऱ्या यंत्रात पुष्कळदा भुलीविना पडून राहते. त्यासाठी लागते एक प्रेमळ, प्रशिक्षित ताई आणि दुकानाच्या लहानशा गाळ्याएवढी जागा.